उतारावरचें गवत व बसून चालवायचें यंत्र

आषाढाच्या पहिल्या सरी पडल्या कीं आमच्या परसांतलें गवत डोकें वर काढतें, श्रावणांत तें गुडघ्याशीं येतें आणि भाद्रपदांत गौरी बसेपर्यंत त्यांत उभें राहिलेलें लहान मूल दिसेनासें होतें. भंडारा जिल्ह्यांतील वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. धानाच्या या मुलुखांत पाऊसही भरपूर आणि ऊनही भरपूर; माणूस जेथें कांहीं पेरीत नाहीं तेथें निसर्ग आपल्या मनाचें पेरतो. या सदरांत आम्ही बहुधा संसाराच्या जुन्याच गोष्टींविषयीं लिहितों; परंतु गेल्या दिवाळीपासून आमच्या घरांत एका यंत्रावरून जो वाद चालला, तो थोड्याफार फरकानें पुष्कळ घरांत उद्यां-परवां उपस्थित होणार आहे असें वाटल्यावरून तो येथें मांडतों.

आमचें घर लाखनीच्या पुढें, एका जुन्या तलावाच्या वरच्या अंगास आहे. घरामागें अदमासें एक एकर मोकळी जागा. तिचा वरचा भाग जवळजवळ सपाट, मधला उतरता, आणि शेवटचा पट्टा एकदम तलावाकडे झुकलेला. दावणीला गुरें होतीं तोंवर या गवताचा प्रश्न म्हणून कोणीं उच्चार केला नाहीं. उलट गवत पुरत नाहीं म्हणूनच भावाभावांत बोलणें होत असे. गोठा रिकामा होऊन आतां बारा वर्षें झालीं, आणि तेंच गवत भीतीचें कारण होऊन बसलें आहे. गेल्या पावसाळ्यांत विहिरीच्या वाटेवर घोणस निघाली. तिच्याहून लहान शत्रू आणखीच वाईट. २०१८ सालच्या पावसाळ्यांत नागपुरांत व विदर्भाच्या इतर भागांत स्क्रब टायफस नांवाच्या तापानें माणसें दगावलीं, हें वाचकांस आठवत असेल. हा ताप चिगर नांवाच्या, डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या किड्याच्या चाव्यानें येतो, आणि उंच वाढलेलें गवत व झुडपें हें त्याचें राहण्याचें ठिकाण. घरांत चार लहान मुलें वावरत असतां परसांतलें रान तसेंच राहूं देणें योग्य नव्हे, एवढ्यापुरतें आमच्या घरांत एकमत होतें. मतभेद पुढेंच सुरू झाला.

आमचा एक पुतण्या गेलीं अठरा वर्षें अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया संस्थानांत राहतो. दिवाळीला सहकुटुंब आला तेव्हां परसाची ती दशा पाहून म्हणाला, "काका, तुम्ही आतां मजूर शोधत फिरूं नका. बसून चालवायचें यंत्र घेऊं. पैसे मी देतों." त्यानें आपल्या घरच्या यंत्राचीं चित्रें दाखविलीं. लहानशा ट्रॅक्टरासारखें तें वाहन, वर ऐसपैस आसन, पोटाखालीं फिरतें पातें. माणूस खुर्चींत बसल्यासारखा बसतो आणि एका घटकेंत अर्धा एकर गवत गालिच्यासारखें करून सोडतो. घरांतील तरुण मंडळींस तें फारच पसंत पडलें. आमचा सात वर्षांचा नातू तर त्याच दिवशीं "मी पुढें बसणार" असा हक्क सांगून मोकळा झाला. आमच्या मंडळींनीं मात्र तांदूळ निवडतां निवडतां एकच प्रश्न केला, "तें आपल्या उतारावर चालेल का रे?" पुतण्या एकाएकीं गप्प झाला. त्याच्या गप्प होण्याचें कारण आम्हांस आठ दिवसांनीं कळलें. तें पुढें सांगूं.

गवत कापण्याचें यंत्र ही मूळची इंग्लंडची कल्पना. ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड येथें लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या, आणि कापडावरची लव सारखी करण्यासाठीं तेथें फिरत्या पात्यांचें यंत्र वापरीत. तें पाहून एडविन बडिंग नांवाच्या कारागिरास सुचलें कीं, जें कापडाच्या लवेस लागूं तें हिरवळीसही लागूं व्हावें. १८३० सालीं त्यानें आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. पुढें मोठ्या बागांतून हीं यंत्रें घोड्यांकडून ओढून घेत, आणि हिरवळीवर टापा उमटूं नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे जोडे चढवीत! १९०२ सालीं इप्स्विचच्या रॅन्सम्स कारखान्यानें पेट्रोलवर चालणारें यंत्र विक्रीस आणलें. सांगण्याचा हेतु हा कीं, हें यंत्र जन्मलें तें सपाट, दर आठवड्यास कापल्या जाणाऱ्या, बोटभर उंचीच्या हिरवळीसाठीं. आपल्याकडे भाद्रपदांत जें उभें असतें त्यास हिरवळ म्हणणें म्हणजे वाघास मांजर म्हणण्यासारखें आहे. कमरेइतकें ओलें गवत अशा यंत्राच्या पोटाखालीं गेलें तर त्याचा लगदा होऊन पात्याभोंवतीं बसतो आणि यंत्र जागच्या जागीं थांबतें.

तथापि गवताची उंची हा गौण मुद्दा. तें दर आठवड्यास कापूं असा निश्चय केला तर तो सुटतो. मुख्य मुद्दा उताराचा, आणि उतार हा डोळ्यानें ठरविण्याचा विषयच नाहीं. वरून पाहणाऱ्यास तो भयंकर वाटतो, खालून पाहणाऱ्यास सौम्य. विक्रेत्यास तो नेहमींच सौम्य वाटतो. आम्हीं वर्गांत पस्तीस वर्षें काटकोन-त्रिकोण शिकविला, तेव्हां घरच्या उताराचा कोन दुसऱ्याच्या तोंडून ऐकणें आम्हांस लाजिरवाणें वाटलें. भास्कराचार्यांनीं लीलावतींत ज्यांस भुज, कोटि आणि कर्ण म्हटलें आहे, त्या तीन रेघांच्या पलीकडे येथें कांहीं लागत नाहीं. नववींतल्या नातीस बरोबर घेतलें. दहा फूट सुतळी, एक काठी, गवंड्याकडून मागून आणलेली पाणसळ आणि मोजपट्टी एवढें साहित्य. सुतळीचें एक टोक उताराच्या वरच्या बाजूस जमिनीशीं धरावें, दुसरें खालच्या बाजूस उभ्या धरलेल्या काठीला लावावें, पाणसळीनें सुतळी आडवी सरळ करावी आणि काठीवर सुतळीपासून जमिनीपर्यंत किती फूट भरतात तें मोजावें. आडवी सुतळी हा भुज, उभी काठी ही कोटि. कोटीस भुजानें भागलें कीं उताराचें प्रमाण हातीं येतें, आणि त्यावरून कोनाचे अंश कोष्टकांत पाहतां येतात.

आमच्या परसाच्या वरच्या भागांत दहा फुटांस एक फूट उतार निघाला, म्हणजे सहा अंशांहून किंचित् कमी. मधल्या भागांत अडीच फूट, म्हणजे चौदा अंश. तलावाकडच्या पट्ट्यांत चार फूट, म्हणजे जवळजवळ बावीस अंश. नातीनें हे आंकडे वहींत लिहून खालीं दोन रेघा ओढल्या आणि विचारलें, "आजोबा, आतां किती अंशांपर्यंत चालतें?"

बसून चालवायच्या यंत्रांचे बहुतेक कारखानदार आपल्या पुस्तिकेंत पंधरा अंश ही मर्यादा घालून देतात. कांहीं यंत्रांस ती दहाच अंशांची असते. पंधरा अंश म्हणजे दहा फुटांस सुमारें दोन फूट आठ इंच. आमच्या थोरल्या चिरंजीवांचें म्हणणें असें पडलें कीं, मग मधल्या चौदा अंशांच्या भागांत कांहीं अडचण नाहीं, खालचा पट्टा तेवढा सोडून द्यावा. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, म्हणून त्याचें उत्तर जरा विस्तारानें देतों.

कोणतेंही वाहन तिरप्या जमिनीवर उभें असतां त्याच्या गुरुत्वमध्यांतून सरळ खालीं सोडलेला ओळंबा जोंवर चाकांच्या आंत पडतो तोंवर तें उभें राहतें. तो चाकांबाहेर गेला कीं उलटतें. स्थिर उभ्या यंत्राचा हिशेब केला तर पंधरा अंशांवर तें उलटूं नये, असेंच निघतें. पण यंत्र स्थिर उभें राहण्यासाठीं घेत नाहींत. समजा, दोन चाकांत तीन फुटांचें अंतर आहे आणि खालच्या बाजूचें चाक तीन इंच खोल उंदराच्या बिळांत गेलें. तेवढ्यानेंच पांच अंश वाढले. त्याच क्षणीं वरच्या बाजूचें चाक तेवढ्याच उंच धोंड्यावर चढलें. आणखी पांच अंश. चौदाचे चोवीस झाले, आणि तेही गवतानें बीळ व धोंडा दोन्ही झांकलेले असतां! त्यांत माणूस बसतो तो चाकांच्या पुष्कळ वर, त्यामुळें गुरुत्वमध्य उंच जातो. वळण घेतांना बाहेरच्या अंगास ओढ बसते ती निराळीच. पुस्तिकेंतली मर्यादा कोरड्या, सारख्या, ओळखीच्या जमिनीची असते. आमच्या परसांत उंदरांचीं बिळें किती आहेत हें घोणशीस विचारावें.

उलटण्याइतकीच वाईट गोष्ट घसरण्याची. या यंत्रांचा जोर मागच्या चाकांवर चालतो आणि ब्रेकही बहुधा मागेंच लागतो. उतारावरून खालीं येतांना भार पुढच्या चाकांवर जातो, मागचीं चाकें हलकीं पडतात. ओल्या गवतावर तीं एकदां निसटलीं कीं ब्रेक दाबणें आणि न दाबणें सारखेंच. म्हणून बसून चालवायचें यंत्र उतारावर सरळ वर-खालीं न्यावें, आडवें कदापि नेऊं नये. उतरतांना गिअर सोडूं नये. उतारावर वळूं नये. आणि गवत ओलें असतां काढूंच नये, असे नियम आहेत. शेवटला नियम वाचून आम्हांस हसूं आलें. आषाढ ते आश्विन या चार महिन्यांत भंडारा जिल्ह्यांत गवत कोरडें असलेली सकाळ किती वेळां मिळते? ज्या ऋतूंत यंत्र हवें त्याच ऋतूंत तें चालवूं नये, असा हा प्रकार.

पायीं ढकलायच्या यंत्राचा नियम बरोबर उलटा आहे, आणि तो पुष्कळांस ठाऊक नसतो. तें उतारावर आडवेंच न्यावें. कारण वर चढवितांना पाय घसरला तर यंत्र अंगावर येतें, आणि खालीं उतरवितांना पाय घसरला तर पाय पात्याखालीं जातो. पात्याच्या टोकाचा वेग ताशीं तीनशें किलोमीटरांच्या आसपास असतो, हें लक्षांत ठेवावें.

आतां पुतण्याची गोष्ट. भाऊबीज होऊन पाहुणे पांगल्यावर एका संध्याकाळीं तो आमच्याबरोबर तलावाच्या पाळीवर फिरावयास आला आणि आपण होऊन बोलूं लागला. त्याच्या घरामागची जागाही उतरती आहे व खालीं ओढा आहे. दोन वर्षांपूर्वीं एका सकाळीं, दंव असतांना, तो यंत्रावर बसून गवत कापीत होता आणि चार वर्षांची मुलगी मांडीवर होती. तिनें हट्ट धरला म्हणून घेतलें, आणि शेजारीही घेतात म्हणून त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. उतारावर तो आडवा चालला होता. मागचें चाक निसटलें, यंत्र कडेकडेनें घसरूं लागलें. मुलीस एका हातानें छातीशीं धरून त्यानें दुसऱ्या हातानें पातें बंद केलें, एवढेंच त्यास आठवतें. एका तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला अडकून यंत्र थांबलें. ओढा तेथून चार हातांवर होता. कोणास खरचटलेंही नाहीं. मुलगी "पुन्हां, पुन्हां" म्हणून टाळ्या पिटीत होती. "काका, हें मी घरांत अजून कोणास सांगितलेलें नाहीं," असें म्हणून तो पुष्कळ वेळ पाण्याकडे पाहत राहिला.

आम्हीं विचारलें, "मग आम्हांस तेंच यंत्र घेऊन द्यावयास कां निघालास?" तो म्हणाला, "तुमचा उतार माझ्याइतका वाईट नसेल असें वाटलें. मीं माझाही कधीं मोजला नव्हता."

हा मजकूर आम्ही त्याच्या संमतीनें लिहीत आहों. आमच्या वहिनी हें मासिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. तेव्हां तो छापला जाण्यापूर्वीं त्यानें स्वतः आईस व पत्नीस सर्व हकीकत सांगावी अशी अट आम्हीं घातली होती, आणि त्यानें ती पाळली. पुढें घरांत काय बोलणें झालें तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला असा आहे कीं, सोळा वर्षांखालील मुलानें असलें यंत्र चालवूं नये आणि चालविणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणासही त्यावर बसवूं नये. आपल्याकडे ट्रॅक्टराच्या चाकावरच्या पत्र्यावर पोरें बसवून शेतावर नेण्याची जी रीत पडली आहे तिचाही यानिमित्तानें विचार व्हावा. धुऱ्यावरून बांधींत ट्रॅक्टर उलटल्याची बातमी कानीं आली नाहीं, असा एकही पावसाळा आम्हांस आठवत नाहीं.

ज्यांची जागा मोठी व सौम्य उताराची आहे आणि ज्यांस असें यंत्र घ्यावयाचेंच आहे त्यांस दोन शब्द सांगतों. दोन दांड्यांनीं चालणारें, जागच्या जागीं गरकन फिरणारें यंत्र दिसावयास मोहक, पण उतारावर अयोग्य. त्याचीं पुढचीं चाकें नुसतीं लोंबतीं असतात, आणि दिशा देण्याचें काम मागचींच चाकें करतात, त्यामुळें तीं घसरलीं कीं ताबा समूळ जातो. त्यापेक्षां चक्र धरून वळवायचें, बसकें व रुंद चाकांचें बरें; चारही चाकांस जोर असलेलें असेल तर अधिक बरें. डोक्यावर लोखंडी कमान असेल तर कमरेचा पट्टा बांधलाच पाहिजे. कमान नसेल तर मात्र पट्टा बांधूं नये, कारण उलटत्या यंत्राशीं माणूस जखडला जातो. पातें आणि पट्टा नागपुरास मिळतो कीं मुंबईहून मागवावा लागतो, हेंही पैसे मोजण्याआधीं विचारावें. दुरून हातांतल्या पेटीनें चालविण्याचीं, रणगाड्यासारखे पट्टे असलेलीं यंत्रेंही निघालीं आहेत. तीं खड्या उतारावरही जातात, परंतु तीं रस्त्यांच्या व कालव्यांच्या कामाचीं आहेत, गृहस्थाच्या परसाचीं नव्हेत.

आमच्यापुरता निर्णय करतांना शेवटीं एक गोष्ट अशी पुढें आली कीं, जिचा आमच्यापैकीं कोणींही विचार केला नव्हता. गोठा रिकामा झाल्यापासून गांवांतील एक बाई आमच्या परसांतून भाराभर गवत कापून नेते. ती देत कांहीं नाहीं व घेतही कांहीं नाहीं. तिची म्हैस त्यावर चार महिने काढते. यंत्राची वार्ता तिच्या कानीं गेली तेव्हां ती ओसरीच्या पायरीशीं येऊन म्हणाली, "मशीन आणली त माह्या म्हशीनं काय खावं, गुरुजी?" बसून चालवायचें यंत्र गवताचा भुगा करून तेथेंच पसरतें, तो जनावराच्या तोंडीं लागत नाहीं. एका एकराची सोय करतांना दुसऱ्याचें दूध आपण बंद करणार होतों, हें ऐकून थोरले चिरंजीवही निरुत्तर झाले.

सबब आम्हीं ठरविलें तें असें. वरच्या सपाट भागासाठीं पायीं ढकलायचें साधें यंत्र. मधल्या चौदा अंशांसाठीं खांद्यास अडकवायचा ब्रश कटर, आणि त्यास दोरा न लावतां लोखंडी पातें. दोऱ्यानें गवताचे चिंधड्या होतात, पात्यानें तें बुडाशीं कापलें जाऊन ओळीनें आडवें पडतें व भारा बांधतां येतो. भिंतीच्या व तुळशीवृंदावनाच्या कडेस तेवढा दोरा. चालविणाऱ्यानें डोळ्यांवर जाळी, पायांत बूट घातल्याशिवाय हात लावूं नये, आणि पन्नास फुटांच्या आंत कोणीही, विशेषतः मुलांनीं, फिरकूं नये. उडालेला खडा गोफणीच्या गोट्यासारखा येतो.

खालच्या बावीस अंशांच्या पट्ट्यास मात्र कोणतेंच यंत्र नाहीं. तेथें विळाच चालावा, आणि तोही गवत मुळासकट न उपटतां. यास कारण तलाव. हे माजी मालगुजारी तलाव, ज्यांस सर्व मामा तलाव म्हणतात, ते या भागांत कोहळी लोकांनीं पिढ्यान् पिढ्या खपून बांधले. १९५१ सालीं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले, पण वरून वाहून येणारी माती कोणाची वाट पाहत नाहीं. आज अनेक तलाव गाळानें उथळ झाले आहेत. उतारावरची हरळी आपल्या मुळांनीं माती जेवढी धरून ठेवते तेवढी भिंतही धरीत नाहीं. त्या पट्ट्याच्या मध्यावर येत्या मृगांत वाळ्याच्या दोन आडव्या ओळी लावावयाच्या आहेत. त्याचीं मुळें आठ-दहा फूट खोल जातात, आणि उन्हाळ्यांत माठांत टाकावयासही कोठें जावें लागणार नाहीं.

पायीं ढकलायचें यंत्र व ब्रश कटर यांची रक्कम पुतण्यानेंच दिली. ती घेण्यास आम्हीं फार आढेवेढे घेतले नाहींत. खालचा पट्टा ती बाई कापते, आणि मधल्या भागाचे भारेही तीच उचलते. परत गेल्यावर पंधरा दिवसांनीं पुतण्याचा फोन आला. त्यानें नातीकडून सुतळी व पाणसळ धरण्याची रीत पुन्हां विचारून घेतली आणि आपला उतार मोजला. ओढ्याकडची बाजू एकोणीस अंश भरली. तेवढ्या जागेंत आतां तो यंत्र नेत नाहीं, तेथें झुडपें लावणार आहे. कोणतीं लावावीं, हें त्यानें आम्हांस विचारलें आहे. पण तेथें चार महिने बर्फ असतें, आणि त्या हवेंतलीं झाडें आमच्या माहितीचीं नाहींत.